अंगात येणारा उत्साह आणि अंगी मुरणारा उत्साह

गेल्या महिन्यात आमच्या शाळा सुधारणा समितीची बैठक झाली. विषय एकच होता. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, ती भरावी असा अर्ज वरच्या कचेरीकडे पाठवायचा. यापूर्वी केलेल्या अर्जांचे काय झाले ते त्या अर्जांनाच ठाऊक. म्हणून या खेपेस अर्ज इंग्रजीतून करावा, म्हणजे तो निदान वाचला तरी जाईल, असे ठरले होते. समितीतल्या एका पदवीधर तरुणाने मसुदा लिहून आणला. त्यातले पहिलेच वाक्य असे होते की, या भागातील लोकांत मराठी शिक्षणाविषयी फार मोठा 'एन्थुझिॲझम' आहे.

वाचन संपताच कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर सभासदांनी विचारले, "बाबा रे, तो मधला शब्द काय म्हणालास? त्याचा अर्थ सांग, मग सही करतो."

"उत्साह," तरुण म्हणाला. "म्हणजे हौस," दुसऱ्याने सुधारले. तिसऱ्याच्या मते तो जोश होता, चौथ्याच्या मते उमेद. एका भगिनींनी "सरळ उर्बा म्हणा की" असे कोकणीतून सांगून टाकले. योगायोगाने आलेले एक कन्नड शिक्षकही बसले होते. ते हसून म्हणाले, "आमच्यात त्याला हुरुपु म्हणतात." आमच्या मराठीतला हुरूप तो हाच, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

वयस्कर सभासदांनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "इतके शब्द झाले. यातला आपल्यापाशी खरोखर आहे तो कुठला?"

बैठक शांत झाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. पुढच्या बैठकीत सांगतो, असे म्हणून मी सुटका करून घेतली आणि घरी येऊन कोश उघडले. जे हाती लागले ते समितीपुरते ठेवण्याजोगे वाटले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ग्रीकांचा अवसार

'एन्थुझिॲझम' हा शब्द मूळचा ग्रीक. त्यात 'एन' म्हणजे आत आणि 'थिऑस' म्हणजे देव. ज्याच्या आत देव शिरला आहे तो 'एन्थिऑस', आणि त्याची जी अवस्था ती 'एन्थुझिआस्मॉस'. म्हणजे ज्याला आपण अंगात येणे म्हणतो, कोकणात अवसार येणे म्हणतात, कुठे भार येणे किंवा वारे येणे म्हणतात, नेमके तेच. देवळाच्या चौकात ढोल वाजू लागला की एखाद्याचे अंग थरथरू लागते, आवाज बदलतो, आणि मग तो बोलतो ते त्याचे बोलणे नव्हे, देवाचे बोलणे, असे मानून गाव हात जोडून उभा राहतो. ग्रीकांकडेही असेच घडत होते. डायोनिसस या देवाच्या उपासकांत, अपोलोच्या देवळात भविष्य सांगणाऱ्या बाईत हा संचार होतो असे ते मानत.

येथे एक खुलासा करायला हवा. 'थिऑस' आणि आपला 'देव' हे ऐकायला भाऊ वाटतात, पण ते एका मुळाचे नव्हेत. देवाचा सख्खा भाऊ लॅटिनमधला 'देउस'. थिऑसचे गोत्र वेगळे. लॅटिनमध्ये देवळाला 'फानुम' म्हणत, तो शब्द थिऑसच्या गोत्रातला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या फानुमवरून, देवळातल्या देवाने झपाटलेला तो 'फॅनॅटिक'. आणि फॅनॅटिक आखडून क्रिकेटवाल्यांचा आणि सिनेमावाल्यांचा 'फॅन' झाला. नटाच्या पोस्टरवर दूध ओतणाऱ्या पोरांना आपण फॅन म्हणतो, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी चोख आहे.

प्लेटोने 'आयॉन' नावाच्या संवादात या अवस्थेसाठी लोहचुंबकाचा दृष्टांत दिला आहे. चुंबक एका लोखंडी कडीला ओढतो, ती कडी दुसरीला, दुसरी तिसरीला. तसे देवतेकडून कवीला, कवीकडून गायकाला आणि गायकाकडून श्रोत्यांना हे बळ पोचते. रात्रीच्या भजनात टाळकऱ्यांच्या रांगेत बसलेल्या कोणालाही हा दृष्टांत समजावून द्यावा लागणार नाही. मात्र त्यात एक गोम आहे. चुंबक दूर केला की कड्या एकेक करून गळून पडतात. त्यांचे स्वतःचे असे काही राहत नाही.

विलायतेत शिवी झालेला शब्द

हा शब्द इंग्रजीत आला तो १६०० च्या सुमारास. आज कोणा शिक्षकाच्या गोपनीय अहवालात तो लिहिला तर बढतीला उपयोगी पडेल. पण पुढची दीडदोनशे वर्षे इंग्लंडात तो चांगल्या अर्थाने वापरला जात नव्हता. धर्माच्या नावाने त्या देशात यादवी माजली होती, राजाचे मस्तक उडवले गेले होते. देवाने माझ्याच कानात येऊन सांगितले, असे म्हणणारे नवे नवे पंथ उभे राहत होते. अशा लोकांना शिष्ट मंडळी 'एन्थुझिॲस्ट' म्हणत, म्हणजे भ्रमिष्ट, देव अंगात आल्याचे सोंग करणारा.

जॉन लॉक या तत्त्वज्ञाने आपल्या मानवी बुद्धीवरील ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. त्याचा सवाल साधा आहे. मनाला जोराने पटले एवढ्यानेच ते खरे कसे ठरते? तू मानतोस म्हणून ते देवाचे, आणि देवाचे म्हणून तू मानतोस, हे फिरते चक्र नव्हे काय? डेव्हिड ह्यूमने १७४१ मध्ये अंधश्रद्धा आणि हा धर्मावेश यांची तुलना करणारा निबंध लिहिला. अंधश्रद्धा भीतीतून येते आणि ती माणसाला पुरोहिताच्या ताब्यात देते. आवेश गर्वातून येतो, आरंभी तो मोठा हिंसक असतो, पण पुढे निवतो, असे त्याचे निदान होते. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशातही या शब्दाचा पहिला अर्थ दिला आहे तो ईश्वरी साक्षात्काराची पोकळ समजूत असाच. मेथॉडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली उघड्या माळावर गोरगरिबांना प्रवचने देऊ लागला, तेव्हा त्यालाही हीच शिवी खावी लागली.

मग शब्दाचे दिवस पालटले. मादाम द स्ताल या फ्रेंच विदुषीचा जर्मनीविषयीचा ग्रंथ नेपोलियनने १८१० मध्ये नष्ट करवला. तो १८१३ मध्ये लंडनला छापून निघाला. त्या ग्रंथाच्या अखेरीस तिने या शब्दाची बाजू घेतली आणि त्याच्या ग्रीक अर्थाची, आपल्यातल्या ईश्वराची, आठवण करून दिली. तिने आवेश आणि धर्मांधता यांत फरक केला. कवींनी, क्रांतिकारकांनी, पुढे अमेरिकेत इमर्सनसारख्यांनी शब्दाला मान मिळवून दिला. एकोणिसावे शतक संपेतो त्यातला देव निघून गेला आणि उरला तो नुसता उत्साह.

शिवीचा मान होतो तसा मानाचा मत्सरही होतो. इंग्रजीत कळकळीला 'झील' म्हणतात आणि मत्सराला 'जेलसी'. दोन्ही शब्द एकाच ग्रीक शब्दाची लेकरे. पण त्यासाठी ग्रीसला तरी कशाला जायचे? संस्कृतात ईर्ष्या म्हणजे निव्वळ मत्सर. मराठीत मात्र आपण "पोरे ईर्षेने अभ्यासाला लागली" असे कौतुकाने म्हणतो. चांगल्या आणि वाईट आवेशात अंतर किती थोडे असते, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने नोंदवून ठेवले आहे.

आपल्या घरातले शब्द

आता आपल्या बैठकीतले शब्द घेऊ. हौस हा अरबीतून आलेला. तिकडे 'हवस' म्हणजे तीव्र वासना. मराठीने तिचे पाणी निवळून हौस केली, लग्नातली, सणातली, नाटकाची. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि हौस फिटते असेही म्हणतो. फिटणे हा हौसेचा स्वभावच आहे.

जोश फारसी. त्याचा मूळ अर्थ उकळी. चुलीवरचे पाणी उकळते ते जाळ असेतो. लाकडे ओढली की पाचदहा मिनिटांत कोमट.

उमेदही फारसी, आणि तिचा अर्थ आशा. उमेद धरून उभा राहतो तो उमेदवार. हा शब्द मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच नाव, आणि निवडून आल्यावर लोकांच्या उमेदीचे काय होते तेही दोन्हीकडे सारखेच. गोव्याच्या कोकणीत उमेद म्हणजे आनंद आणि उल्हासही. हुरूप आपल्या आणि कन्नडच्या सामाईक अंगणातला शब्द. तो येतो, वाढतो, आणि कोणी टाकून बोलले की जातो. हुरूप टिकवायला दुसऱ्याची शाबासकी लागते. म्हणून मास्तर लोक तो देत असतात.

राहिला उत्साह. रोज वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वार्षिक स्नेहसंमेलन उत्साहात पार पडते, जयंती उत्साहात साजरी होते, बातमीदार कार्यक्रमाला गेला नसला तरी चालते. पण त्याची फोड करून पाहावी. 'उद्' म्हणजे वर, आणि 'सह्' हा धातू. वेदांत त्याचा अर्थ जिंकणे, वरचढ होणे. पुढे तोच धातू सोसणे या अर्थाने रूढ झाला. सहन, सहिष्णु, असह्य हे सगळे त्याचेच कुटुंब. संस्कृतात "न उत्सहे" म्हणजे "माझ्याच्याने होत नाही". तेव्हा उत्साह म्हणजे नाचणे-बागडणे नव्हे. ओझे डोक्यावर घेऊन उठून उभे राहण्याची, आणि ते पेलण्याची, ताकद.

कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या, त्यांत प्रभुशक्ती आणि मंत्रशक्ती यांच्या जोडीला उत्साहशक्ती आहे. त्याहून महत्त्वाचे भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. तेथे आठ स्थायी भाव दिले आहेत. वीररसाचा स्थायी भाव उत्साह. आणि क्रोध? तो रौद्ररसाचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नाट्याचार्यांनी वीर आणि रौद्र यांची गल्लत होऊ दिली नाही. रागावलेला प्रत्येक माणूस वीर नसतो. आणि उत्साहाला त्यांनी स्थायी म्हटले आहे, म्हणजे टिकून राहणारा.

ग्रीकांचा आवेश बाहेरून येतो आणि निघून जातो. फारसी जोश खालच्या जाळावर अवलंबून. आपल्या उत्साहात मात्र मुळातच सोसणे आहे. एका इंग्रजी शब्दापुढे आपण इतके शब्द मांडतो ते काही उगीच नव्हे. त्या एकेकाची जात वेगळी आहे.

सुप्याचा हिशेब

आता वयस्कर सभासदांचा प्रश्न. यातला आपल्यापाशी कुठला?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कारवार, हल्याळ, सुपा या भागांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या काळात सीमाभागातल्या सभांना, मोर्चांना, काळ्या दिनांना लोटलेली गर्दी खरी होती. त्या घोषणांनी माझ्याही अंगावर काटा आला आहे. चुंबकाची कडी होऊन मीही त्या साखळीत लटकलो आहे.

त्याच काळात आमचे सुपे पाण्याखाली गेले. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ च्या सुमारास पुरे झाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले, तालुक्याचे नावही बदलले, पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. मी तेव्हा शाळकरी होतो. घरे उतरवून कौले आणि वासे गाडीत भरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांत घोषणा कोणी देत नव्हते. नव्या जागी जाऊन त्यांनी आधी देव बसवले आणि पाठोपाठ पोरे शाळेत घातली. भजनाची पाळी चुकू दिली नाही. 'उत्साह' शब्दाचा अर्थ कोशात वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आली ती हीच माणसे.

खरे बोलायचे तर आमच्या बहुतेक घरांतली बोली कोकणी. १९९२ पासून तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. मराठी आमच्याकडे पाटीची, पोथीची, नाटकाची आणि पत्राची भाषा म्हणून नांदली. राज्याची भाषा कन्नड, ती उत्तम आलीच पाहिजे. धारवाडच्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे थोर कवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. एका भाषेवरच्या प्रेमासाठी दुसरीवर राग धरावा लागतो असे मानणाऱ्यांनी वीर आणि रौद्र यांतला फरक पुन्हा एकदा वाचावा.

पण पाटीवरची मराठी टिकवण्याचे काम कोणाचे? १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने पुरेशा सोयी कराव्यात, असे ते सांगते. कलम आहे, पण ते कोणासाठी वापरायचे, तर वर्गात बसलेल्या मुलांसाठी. वर्गात मुलेच नसतील तर कलमाने कोणाचा हात धरायचा? घसा बसेपर्यंत घोषणा दिलेल्यांपैकी किती जणांची मुले मराठी शाळेत गेली, हा हिशेब आपण कधी मांडत नाही. मी मांडतो. माझा थोरला मराठी शाळेत शिकला. धाकट्याला मी इंग्रजी माध्यमात घातले. कारणे होती, आणि ती मला तेव्हा पटलीही होती. आज तो इंग्रजी झकास लिहितो, पण आजीने जपून ठेवलेली पत्रे त्याला वाचून दाखवावी लागतात. माझा तो आवेश अंगात आलेला होता, अंगी मुरलेला नव्हता, हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरी लिहितो, कारण माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आळंदीहून पंढरपूरला दरवर्षी पायी जाणाऱ्या वारकऱ्याच्या अंगात काही येत नाही. पाऊस असला तरी तो चालतो, नसला तरी चालतो, आणि परत येऊन पेरणीचे बघतो. भाषेचे कामही याच जातीचे आहे. वाचनालयाची वर्गणी वेळेवर देणे, दारात मराठी दैनिक येऊ देणे, पोराला संध्याकाळी दहा ओळी शुद्धलेखन घालणे, शाळेच्या बैठकीला कोरम भरेल इतके जण हजर राहणे. यात टाळ्या नाहीत. म्हणूनच ते अवघड.

पुढच्या बैठकीत मी हे सारे थोडक्यात सांगितले. वयस्कर सभासदांनी मसुदा मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि तरुणाला म्हणाले, "बाबा, तो शब्द राहू दे बाजूला. तिथे पोरांची नावे लिही."

तसेच केले. पहिले वाक्य खोडले. त्याच्या जागी यंदा मराठीसाठी नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता आणि पालकाची सही घेतली. दोन दिवस घरोघर फिरावे लागले. काही दारांत गोड नकार मिळाला, काही दारांत चहा मिळाला आणि सहीही. यादी आम्हाला वाटली होती त्याहून लहान झाली. पण तिच्यातले प्रत्येक नाव खरे आहे. अर्ज गेला आहे. शिक्षक येईल की नाही हे सांगता येत नाही. तोवर शनिवारी आणि रविवारी आम्ही समितीतले तिघे आळीपाळीने वर्ग घ्यायचे असे ठरले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या गावी मराठी वर्ग अजून भरतो, त्यांनी या शनिवारी एकदा तेथे डोकावून यावे, एवढीच विनंती. पहिली पाळी माझी आहे, मीही वर्गावरच असेन.